हिरड्यांचा आजार, मधुमेह आणि इम्प्लांट : संशोधनातील आकडे कसे वाचावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईच्या दातांबाबत दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात ‘संशोधन असे सांगते’ हे शब्द आले. म्हणून हा प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडत आहे.

आईचे वय 61 आहे. तिला 14 वर्षांपासून मधुमेह आहे आणि मागील महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 8.4 आले. लग्न होऊन सासरी आल्यापासून तिला मशेरीची सवय होती. तव्यावर तंबाखू भाजून, चुरून ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावत असे. दोन वर्षांपूर्वी तिने ती पूर्ण सोडली. त्याच सुमारास खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा हलू लागल्याने काढाव्या लागल्या. आता डावीकडची एक दाढ हलते, दात घासताना रक्त येते आणि पुढच्या दातांच्या हिरड्या इतक्या खाली सरकल्या आहेत की दात लांब झाल्यासारखे दिसतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतावर हुरड्यासाठी सगळे जमले होते. आईने दोन-चार दाणे तोंडात टाकले आणि उरलेला हुरडा ओंजळीत धरून ती नुसती बसून राहिली. विचारल्यावर ‘दाढंत अडकतं आन मग रगात येतं’ एवढेच म्हणाली. भाकरी तर ती वर्षभरापासून आमटीत कुस्करूनच खाते.

तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात आम्हाला दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर लावलेले कृत्रिम दात, बसवण्याचा सल्ला मिळाला. यशाचे प्रमाण 95 टक्के असल्याचे सांगण्यात आले आणि पुढच्याच आठवड्याची तारीखही देऊ केली. दुसरे मत घ्यावे म्हणून मी तिला एका दंत महाविद्यालयात नेले. तेथील डॉक्टर म्हणाले की आधी हिरड्यांवर उपचार करू, तीन ते सहा महिने वाट पाहू आणि मगच गेलेल्या दाढांचा विचार करू. तेथे मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर एक अभ्यास सुरू आहे. त्यात दोन्ही बाजूंची खोल सफाई करून फक्त एका बाजूच्या हिरडीत औषधी जेल भरतात. आईने त्यात सहभागी व्हावे का, असे त्यांनी विचारले आणि चार पानांचे मराठी संमतीपत्र घरी वाचायला दिले.

आईच्या तोंडाची अशी अवस्था असताना इम्प्लांट टिकेल का आणि 95 टक्के म्हणजे नेमके कशाचे 95 टक्के, हे मला समजून घ्यायचे आहे. हिरड्या सुधारल्या तर साखरही सुधारते, असे महाविद्यालयात ऐकले; त्यात तथ्य किती? आणि अभ्यासात सहभागी होण्याबद्दल आपले मत काय? आई म्हणते, ‘माझ्यावर प्रयोग कशाला?’ तिला काय उत्तर द्यावे, हे मला सुचत नाही.

दंतमूल

कृष्णाकाठ, मी 31 वर्षे हिरड्यांच्या आजारांचा विषय शिकवला आहे. आईंना न तपासता निदान करणे योग्य होणार नाही, ते मी करणारही नाही. मात्र आधी हिरड्या आणि नंतर दात, या क्रमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. हा क्रम का, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आईंना समजावताना आपल्याला त्याचा उपयोग होईल.

1965 मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर हे सुजेचे कारण आहे, हे इतक्या साध्या रीतीने त्यापूर्वी कोणी दाखवले नव्हते. पुढे त्याच संशोधकांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांतील 480 मजुरांच्या तोंडाची 1970 पासून 15 वर्षे वेळोवेळी तपासणी केली. हे लोक दात घासत नसत आणि किटण सर्वांच्याच दातांवर होते. तरीही सुमारे 8 टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, 81 टक्के लोकांत मध्यम गतीने वाढला आणि 11 टक्के लोकांत तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे थर सारखा असला तरी शरीर त्याला सारखे उत्तर देत नाही. हिरडीची सूज हाडापर्यंत पोहोचणार की नाही, हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते.

मधुमेह आणि तंबाखू येथे आड येतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या हिरड्यांच्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एचबीएवनसी 7 किंवा त्याहून अधिक असलेला, तसेच दिवसाला 10 किंवा त्याहून अधिक सिगारेटी ओढणारा रुग्ण थेट सर्वांत वेगवान गटात धरला जातो. मशेरीचा उल्लेख त्या वर्गीकरणात नाही, पण आपल्याकडच्या कोणत्याही दंत महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला तिची ओळख लगेच पटते: तपकिरी दात, मागे सरकलेली हिरडी, आणि ज्या ठिकाणी बोट फिरत असे तेथे गालाच्या आतल्या बाजूस पांढुरका, जाडसर पट्टा. आईंनी मशेरी सोडली ही या संपूर्ण हकिगतीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, तिचे कौतुक त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा. तरीही गाल, जीभ आणि हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा नाही ना, हे डॉक्टरांकडून मुद्दाम तपासून घ्या. हे काम दाढांपेक्षाही आधी व्हायला हवे.

आता इम्प्लांटकडे येतो. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे 1950 च्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची लहान उपकरणे त्यांना प्रयोगानंतर काढता येईनात, कारण हाड त्या धातूला घट्ट चिकटले होते. या निरीक्षणातून 1965 मध्ये गॉथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले गेले. हाड धातूला धरते, ही त्या शोधाची ताकद आहे. मात्र नैसर्गिक दात असा हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, आणि हिरडीचे तंतूही मुळाच्या पृष्ठभागात शिरून तिला आवळून धरतात. इम्प्लांटभोवती हिरडी नुसती वेढून बसते, तिचे तंतू धातूत शिरू शकत नाहीत. त्यामुळे तेथे जिवाणूंचा थर साचला की सूज हाडापर्यंत लवकर पोहोचते. सूज हिरडीपुरती असेल तर सफाईने ती परतवता येते. हाड झिजू लागले की त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि त्यावरचे उपचार आजही भरवशाचे नाहीत. ज्यांचे नैसर्गिक दात हिरड्यांच्या आजाराने गेले त्यांच्यात हा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते स्वाभाविकही आहे, कारण तोंड तेच, जिवाणू तेच आणि घासणारा हातही तोच.

आपण महाविद्यालयात जाल तेव्हा एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. हिरडी आणि दात यांच्यामधील खाचेत डॉक्टर एक बारीक सळई घालतात, तिला प्रोब म्हणतात. तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा असतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच टेकवून एक विद्यार्थी आकडे मोठ्याने सांगतो आणि दुसरा तक्त्यावर लिहितो: ‘तीन, दोन, पाच, रक्त, चार, तीन, सहा, रक्त.’ 3 मिलिमीटरपर्यंतची खाच सामान्य समजली जाते. त्याहून खोल खाचेत ब्रश पोहोचत नाही. हा तक्ता न बनवता कोणी इम्प्लांटची तारीख देत असेल तर ती घेऊ नका.

नमुनानिवड

माझे काम वैद्यकीय अभ्यासांच्या सांख्यिकीचे आहे. मी दंतवैद्य नाही, म्हणून फक्त आकड्यांविषयी आणि संमतीपत्राविषयी लिहितो.

95 टक्के हा आकडा खोटा नाही. युरोपातील संशोधकांनी 2007 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार इम्प्लांटवर बसवलेले एकेरी दात 5 वर्षांनी 94.5 टक्के आणि 10 वर्षांनी 89.4 टक्के टिकून होते. पण त्याच लेखात शेजारच्या नैसर्गिक दातांवर बसवलेल्या पारंपरिक ब्रिजचे आकडेही आहेत: 5 वर्षांनी 93.8 आणि 10 वर्षांनी 89.2 टक्के. पहिला आकडा सांगणाऱ्याने दुसराही सांगितला असता तर आपल्यापुढचे चित्र बदलले असते. याशिवाय येथे ‘टिकणे’ म्हणजे केवळ तोंडात असणे. भोवतीची हिरडी सुजलेली असली, तिच्यातून पू येत असला, हाड निम्मे झिजलेले असले, तरी स्क्रू जागेवर असेपर्यंत तो ‘टिकलेला’ धरला जातो.

दुसरा प्रश्न असा की मोजणी कशाची झाली. स्वीडनमध्ये देशव्यापी नोंदींतून रुग्ण यादृच्छिकपणे निवडून केलेला एक मोठा अभ्यास 2015 आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीच्या काळातच निकामी झालेल्या इम्प्लांटचे प्रमाण 1.4 टक्के होते, परंतु निदान एक इम्प्लांट असे गमावलेल्या रुग्णांचे प्रमाण 4.4 टक्के होते. एकाच घटनेचे हे दोन आकडे आहेत. जाहिरातीत पहिला येतो, रुग्णाच्या कामाचा दुसरा असतो. सुमारे 9 वर्षांनी तपासलेल्या त्या रुग्णांपैकी 14.5 टक्के लोकांत मध्यम ते तीव्र पेरी-इम्प्लांटायटिस आढळला, आणि ज्यांना हिरड्यांचा आजार होता त्यांच्यात त्याची शक्यता बरीच जास्त होती. येथे हेही ध्यानात ठेवावे की हे रुग्ण दंतसेवा सहज मिळणाऱ्या देशातले आहेत. आपल्या आईंसारखा रुग्ण, म्हणजे 8.4 एचबीएवनसी, सक्रिय हिरड्यांचा आजार आणि दीर्घकाळचा तंबाखू, अशा अनेक अभ्यासांत प्रवेशाच्या निकषांवरच गळतो. ज्या गटात आईंना घेतलेच नसते त्या गटाचा 95 टक्के हा आकडा त्यांना लावता येत नाही. माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथेच आहे.

साखरेविषयी पुरावा सरळ रेषेत चाललेला नाही. 2013 मध्ये अमेरिकेतील 514 मधुमेही रुग्णांच्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारानंतर एचबीएवनसीमध्ये काहीच सुधारणा दिसली नाही आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिच्यावर एक रास्त आक्षेप घेतला गेला: उपचारानंतरही त्या रुग्णांच्या दातांवरील थर आणि हिरड्यांतील रक्तस्राव पुरेसा कमी झालेला नव्हता. हिरड्याच नीट बऱ्या झाल्या नसतील तर त्या बऱ्या झाल्याचा परिणाम कसा मोजणार? 2018 मध्ये लंडन येथील चाचणीत 264 रुग्णांपैकी एका गटावर अधिक सखोल उपचार करून 12 महिने पाठपुरावा केला गेला, तेव्हा त्या गटाचे एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा 0.6 ने कमी आले. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2022 मधील आढाव्यात 35 अभ्यास एकत्र केले आहेत. त्यानुसार 3 ते 4 महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी 0.43 ने आणि 6 महिन्यांनी 0.30 ने कमी होते. म्हणून महाविद्यालयात ऐकलेल्या गोष्टीत तथ्य आहे, पण 8.4 चे 6.5 केवळ दातांच्या सफाईने होईल अशी अपेक्षा ठेवू नये. औषध, आहार आणि चालणे यांच्या जोडीला मिळणारी ही एक खरी, मोजता येणारी मदत आहे.

अभ्यासाच्या रचनेबद्दल आईंना असे सांगता येईल की ज्या उपचाराची त्यांना गरज आहेच, तो दोन्ही बाजूंना मिळणार आहे. एका बाजूला जेल जास्तीचे असेल आणि त्यांच्याच तोंडाची दुसरी बाजू तुलनेसाठी वापरली जाईल. या रचनेत व्यक्तीव्यक्तींमधील फरक, म्हणजे कोणाची साखर किती, कोण किती नीट घासते, आपोआप वगळला जातो आणि कमी रुग्णांत उत्तर मिळते. तिची उणीव अशी की एका बाजूचे औषध लाळेतून दुसरीकडे पोहोचू शकते. जेलच्या फायद्याबाबत मोठी आशा नको. अशा औषधांनी होणारी जास्तीची सुधारणा बहुधा मिलिमीटरच्या अंशांत असते आणि हाताने केलेल्या प्रोबच्या मोजणीतच 1 मिलिमीटरचा फरक पडू शकतो. आईंना खरा लाभ होईल तो नियमित मोजणीचा आणि ठरलेल्या तारखांना कोणीतरी लक्ष देऊन तपासण्याचा.

सही करण्यापूर्वी अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक मागा. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची ही सरकारी नोंदवही 2007 पासून सुरू आहे आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की काय मोजणार आहेत, कोणाला घेणार आहेत आणि खर्च कोण करणार आहे, हे कोणालाही वाचता येते. नैतिकता समितीच्या मान्यतेचा उल्लेख संमतीपत्रात असलाच पाहिजे. केवळ अभ्यासासाठी म्हणून होणाऱ्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, तसेच कोणत्याही टप्प्यावर कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे आईंना स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. ‘माझ्यावर प्रयोग कशाला’ हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. उत्तर मिळाल्यावरही त्या नको म्हणाल्या तर तो निर्णय सर्वांनी मान्य करावा, मुलानेसुद्धा.

ठाणेकर

मी डॉक्टर नाही. माझ्या खालच्या जबड्यात 11 वर्षांपासून एक इम्प्लांट आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहीत आहे.

बसवल्यानंतर पहिली सहा वर्षे मी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हा दात किडत नाही, असे मला सांगितले होते आणि ते खरेच आहे, धातूला कीड लागत नाही. त्यावरून मी असा अर्थ काढला की आता याला काहीच होणार नाही. दर सहा महिन्यांनी तपासायला यावे, असे मला एकदाही कोणी बजावल्याचे आठवत नाही. बिल भरले, फाईल मिळाली आणि संबंध संपला. सातव्या वर्षी त्या जागी बोट दाबले की खारट चव येऊ लागली. दुखत मात्र मुळीच नव्हते. दुसऱ्या ठिकाणी एक्स-रे काढला तेव्हा स्क्रूचे दोन-तीन आटे हाडाच्या बाहेर उघडे दिसले. नंतर शस्त्रक्रियेने सफाई झाली, त्यालाही खर्च आला आणि झिजलेले हाड परत आले नाही. आता मी रोज रात्री इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश, फिरवतो आणि दर चार महिन्यांनी सफाई करून घेतो. गेली चार वर्षे झीज तेवढ्यावरच थांबली आहे.

आपल्या आईंना तो बारीक ब्रश मागच्या दाढांपर्यंत नेता येतो का, हे इम्प्लांटचा निर्णय घेण्यापूर्वी घरी करून पाहा. माझी आई त्यांच्याहून थोडी मोठी आहे. संधिवातामुळे तिला तो ब्रश चिमटीत धरताच येत नाही. तिला आम्ही काढघाल करता येणारी कवळी करून घेतली. सुरुवातीचे दोन महिने तिने खूप कुरकुर केली, पण ती कवळी हातात घेऊन नळाखाली धुता येते, ही तिच्या दृष्टीने मोठी सोय ठरली.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आपली उत्तरे मी आईला वाचून दाखवली. श्रीलंकेतील मजुरांची हकिगत तिने दोनदा वाचायला लावली.

काल महाविद्यालयात तक्ता झाला. तिचे 25 दात शिल्लक आहेत, म्हणजे मोजणी 150 ठिकाणी झाली. त्यांपैकी 104 ठिकाणी रक्त आले आणि 41 ठिकाणी खोली 5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आहे. गालात चट्टा नाही, याची आम्ही मुद्दाम खात्री करून घेतली. हलणारी डावी दाढ वाचणार नाही, असे त्यांचे मत आहे. सीटीआरआय क्रमांक मागितल्यावर लगेच मिळाला. आईने तेथील डॉक्टरीणबाईंना स्वतः विचारले, ‘मधीच सोडलं तर रागावणार न्हाई ना?’ त्या नाही म्हणाल्या, तेव्हा तिने सही केली.

एक प्रश्न उरला आहे. डावी दाढही गेल्यावर तिने सहा महिने खायचे कसे? आणि इम्प्लांट लांबवले तर हाड आणखी झिजणार नाही का? खासगी दवाखान्यात घाई करण्याचे कारण म्हणून हेच सांगितले होते.

दंतमूल

हाडाची झीज होते, हे खरे आहे, पण ती सर्व काळ सारख्या वेगाने होत नाही. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होते आणि त्यातील दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे 2003 मधील एका बहुचर्चित अभ्यासात दिसले. आईंच्या उजव्या दाढा जाऊन दोन वर्षे झाली आहेत. तेथे जी मोठी झीज व्हायची होती ती होऊन गेली आहे, त्यामुळे आणखी सहा महिन्यांनी तिच्यात फारसा फरक पडणार नाही. पुढे कधी इम्प्लांटचा विचार झालाच तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढून उरलेले हाड आणि त्याखालून जाणारी नस यांच्यातील अंतर मोजावे लागेल. डाव्या दाढेबाबत मात्र, ती काढतानाच त्या जागेत हाडाची भुकटी भरून जागा राखावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. तेथे पू असेल तर ते कदाचित नको म्हणतील.

खाण्याविषयी थोडे दिलासा देणारे सांगतो. नेदरलँड्समधील नायमेखेन येथे आर्न्ड केसर यांनी 1981 मध्ये दाखवले की मागच्या दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उपदाढांच्या (सुळा आणि दाढा यांच्यामधील दातांच्या) पुरेशा जोड्या शिल्लक असतील तर बहुतेक लोक समाधानकारक चावू शकतात. प्रत्येक गेलेली दाढ भरून काढलीच पाहिजे, हा आग्रह त्यानंतर बराच सैल झाला. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हाला याउलट शिकवले जात असे, त्यामुळे हा बदल स्वीकारायला मलाही वेळ लागला. आईंच्या खालच्या आणि वरच्या उपदाढा एकमेकींना भिडतात का, ते पाहून घ्या. भिडत असतील आणि त्या पक्क्या असतील तर सध्या काहीही न बसवणे हासुद्धा एक सन्माननीय उपचार आहे. चावणे फारच कठीण जात असेल तर काढघाल करता येणारी कवळी तात्पुरती करता येईल, पण तिच्या तारेच्या कड्या ज्या दातांना अडकतात तेथे थर अधिक साचतो, म्हणून ती रात्री काढून ठेवणे आणि ते दात दुप्पट काळजीने घासणे आवश्यक आहे. ब्रिजचा विचार मी येथे करणार नाही. त्याला मागच्या बाजूने आधाराची पक्की दाढ लागते आणि आईंच्या उजवीकडे ती दिसत नाही.

स्वीडनमधील कार्लस्टाड येथे आक्सेलसन आणि लिंडे यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी 375 रुग्णांना नियमित व्यावसायिक सफाई आणि घासण्याचे प्रशिक्षण देणे सुरू केले. 30 वर्षांनी त्यांपैकी 257 जण अजून त्या कार्यक्रमात होते, आणि या सर्व काळात एकेकाचे सरासरी किती दात गेले? सर्वांत तरुण गटात 0.4 आणि सर्वांत ज्येष्ठ गटात 1.8. तेथील परिस्थिती आणि आपली परिस्थिती यांत मोठे अंतर आहे, हे मी जाणतो. तरीही आईंच्या तोंडात असलेले दात पुढची 15 वर्षे टिकवणे हे नवीन दोन बसवण्यापेक्षा मोठे काम आहे आणि ते शक्य कोटीतले आहे.

कृष्णाकाठ

तीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण पुढे काय झाले ते न कळवणे योग्य वाटले नाही.

डावी दाढ काढली. तेथे पू होता, त्यामुळे भुकटी भरली नाही. खोल सफाई चार भेटींत झाली. पहिल्या भेटीनंतर आईच्या दातांना गार पाणी इतके झोंबू लागले की पुढच्या भेटीला ती येते की नाही, अशी मला धास्ती होती. दोन आठवड्यांनी ते कमी झाले. घासण्याचे प्रशिक्षण एका विद्यार्थिनीने दिले. प्रत्येक वेळी ती आईच्या दातांवर लाल रंगाचे औषध लावून आरशात दाखवत असे, की लाल राहिले आहे ते घासायचे राहिले आहे. आईने तशी गोळी मागून घेतली आणि आता दर रविवारी ती घरी स्वतःची परीक्षा घेते. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू अजून लाल राहते.

नव्या तक्त्यात 24 दातांची 144 ठिकाणे मोजली. रक्त 29 ठिकाणी आले आणि 5 मिलिमीटर किंवा अधिक खोली 13 ठिकाणी राहिली. एचबीएवनसी 7.7 आले आहे. मात्र त्याच काळात आमच्या फिजिशियन डॉक्टरांनी एक गोळी वाढवली होती, त्यामुळे यातले श्रेय हिरड्यांना किती द्यावे हे सांगता येणार नाही. नमुनानिवड यांचे लेखन वाचले नसते तर मी सगळे श्रेय सफाईलाच दिले असते.

उपदाढा दोन्ही बाजूंना भिडतात, म्हणून सध्या काहीही बसवलेले नाही. भाकरी ती आता कोरड्यास लावून, तुकडा मोडून खाते. ज्वारी अजून शेतात आहे, हुरड्याचे पुढच्या महिन्यात पाहू. जेल कोणत्या बाजूला होते ते अभ्यास संपल्यावरच कळणार आहे, आणि पुढची मोजणी सहाव्या महिन्याची आहे.